सोवळ्यातलं शीतकपाट

९ मार्च १९९५, गुरुवार

ग्वाल्हेरहून मधुराचं पत्र आलं. सातवा सरत आला आहे. डॉक्टरीणबाईंनी तिला अंथरुणातून उठायलाच मनाई केली आहे, मग रेल्वेने काशीला माहेरी येणं लांबच राहिलं. तिला सासू नाही. जावईबापू रेल्वेत, त्यांची ड्यूटी कधी दिवसा तर कधी रात्री. मेच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली आहे. 'आईला एप्रिलअखेर नक्की पाठवा' असं तिने दोनदा लिहिलं आहे, दुसऱ्यांदा खाली रेघ मारून.

मी लगेच म्हटलं, "इंदू, जा की तू."

ती म्हणाली, "आणि तुम्ही काय खाणार?"

वडील गेले त्या वर्षी मी परान्न सोडलं. इंदूने सोवळ्यात रांधलेलं सोडून दुसऱ्या कुणाच्या हातचं शिजलेलं अन्न गेल्या बावीस वर्षांत माझ्या पोटात गेलेलं नाही. मला स्वतःला तर गॅससुद्धा पेटवता येत नाही. म्हणजे बावीस वर्षांत इंदू एकही रात्र घराबाहेर राहिलेली नाही. हे आज लिहिताना प्रथमच लक्षात आलं, याचं नवल वाटतं.

तोड तिनेच काढली. "एक फ्रिज घ्या. वीस-बावीस दिवसांचं करून ठेवते. तुम्ही फक्त गरम करायचं. गॅस कसा पेटवायचा ते शिकवते."

सूचना वाईट नाही. तीस वर्षं पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवलं. एक कपाट पारखून घ्यायला कितीसा वेळ लागणार? तीन दिवसांत निकाल लावतो.

१३ मार्च, सोमवार

शिवरामला घेऊन लहुराबीरला जायसवालच्या दुकानी गेलो. शिवराम माझा चाळीस वर्षांचा मित्र. रामघाटावर राहतो, यात्रेकरूंची कृत्यं करतो, आणि न विचारता मत देतो.

जायसवालने चार शीतकपाटं दाखवली. पहिली दोन एका दाराची, एकशे पासष्ट लिटरची. बर्फाचा कप्पा आत वरच्या बाजूला, त्याला प्लास्टिकची झडप. ही मी तत्काळ बाद केली. शिजवलेला भात आणि बाजारातली भेंडी एकाच खोलीत, मध्ये झडप कसली, पडदाच तो. बाकीची दोन दोन दारांची. वर बर्फाची वेगळी कोठडी, खाली दूध-भाजीचं वेगळं घर. मी मनात म्हटलं, जमलं. वर सोवळं, खाली ओवळं.

"इसमें बरफ जमती ही नहीं गुरुजी," जायसवाल कौतुकाने म्हणाला. "अंदर पंखा है. एक ही हवा ऊपर-नीचे घूमती रहती है."

शिवरामने माझ्याकडे पाहिलं, मी शिवरामकडे. भेंडीला शिवलेला वारा भाताला शिवणार. मी विचारलं, पंखा बंद ठेवता येईल का? तो म्हणाला, येईल, पण मग थंड होणार नाही.

परतताना शिवरामने तोडगा सुचवला. रेशमाला विटाळ लागत नाही, तेव्हा डब्यांना रेशमी कद नेसवावेत. मी म्हटलं, एवढे कद आणायचे कुठून? तो म्हणाला, बनारसमध्ये राहतोस आणि रेशीम कुठून आणू विचारतोस?

घरी इंदूने विचारलं, "ठरलं?" मी तिला वाऱ्याचा प्रश्न समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मेथी निवडायला बसली.

१८ मार्च, शनिवार

काल धुळवड झाली. दुकान बंद होतं म्हणून जागेचा विचार केला. आमच्या दूधविनायकातल्या घरात पाय ठेवायला जागा नाही, तिथे कपाट कुठे उभं करणार? स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्यामधल्या भिंतीत जुनी आरपार खिडकी आहे, खाली जमिनीपर्यंत. तिच्यात फळ्या टाकून इंदू बरण्या ठेवते. शीतकपाट तिथेच भिंतीत बसवायचं. तोंड स्वयंपाकघरात, पाठ मधल्या खोलीत. पाठीला ती लोखंडी जाळी आणि मोटार असते, ते सगळं ओवळं. ते बाहेर राहील. अशी व्यवस्था त्या कंपनीवाल्यांनासुद्धा सुचली नसेल.

माप घेतलं. रुंदी चौतीस अंगुळं, खोली अडतीस. जायसवालच्या कागदावर सगळं सेंटिमीटरमध्ये आहे. अंगुळ हे ज्याच्या-त्याच्या बोटाचं असतं, त्यामुळे उद्या दुकानात जाऊन त्याच बोटांनी कपाटं मोजावी लागतील.

मी मोजत असताना साताऱ्याचे एक यजमान आले. वडिलांचं श्राद्ध इथे करायचं होतं आणि इथल्या भटजीने सांगितलेली तिथी त्यांच्या घरच्या तिथीशी जुळेना. बिचारा गोंधळून गेला होता. मी माप सोडून कसा उठणार? इंदूनेच त्याला दारात उभ्या-उभ्या समजावलं आणि पाच मिनिटांत वाटेला लावलं. तिचा जन्म दुर्गाघाटावरचा, असल्या बारीकसारीक गोष्टी तिला पाठ असतात.

२२ मार्च, बुधवार

आज मूळ प्रश्नाला हात घातला, आणि वाटतं की सुरुवातच इथून करायला हवी होती. कपाटात जागा किती, वारा कसा फिरतो, दार कुठल्या बाजूला उघडतं, हे सगळं दुय्यम. मुख्य प्रश्न असा : रात्र उलटली की शिजलेलं अन्न शिळं होतं आणि शिळं मला चालत नाही. मग वीस दिवसांचं अन्न चालेल कसं?

शिवराम म्हणाला, "गोठलेलं अन्न झोपलेलं असतं. झोपलेल्याचं वय वाढतं का?" वाढतं, मी म्हटलं.

संध्याकाळी संध्या करताना उत्तर सापडलं. रात्र म्हणजे अंधार. अंधार ही काही वस्तू नव्हे, तो नुसता प्रकाशाचा अभाव. कपाटात अष्टौप्रहर प्रकाश असेल तर तिथे अंधार नाही. अंधार नाही तर रात्र नाही. रात्रच होत नाही तर ती उलटणार कशी? अशा ठिकाणी अन्न वीस दिवस ताजंच राहील!

मी तसाच ओल्या पंच्यानिशी स्वयंपाकघरात गेलो आणि इंदूला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "मग काय, आत दिवा असतोच," ती म्हणाली. "उद्या घेऊन टाका."

तिला बारकावे कळत नाहीत, पण ऐकून घेते हे खरं.

२७ मार्च, सोमवार

जायसवालकडे चार तास मोडले. दार लावलं की आतला दिवा विझतो म्हणे! प्रत्येक कपाटाचा हाच दोष. मी म्हटलं, न विझणारा दाखवा. तो म्हणाला, "गुरुजी, दरवाजा बंद, बत्ती बंद. दुनिया भर में यही कायदा है."

"आमचा कायदा त्याहून जुना आहे," मी म्हटलं.

शेवटी मागच्या कोपऱ्यात, खोक्यांच्या आड एक दोन दारांचं कपाट उभं दिसलं. त्याच्या दाराच्या फटीतून उजेड येत होता. जायसवाल लाजला. म्हणाला, ते बघू नका, त्याची दिव्याची बटणं बिघडली आहेत, वरची अन् खालची दोन्ही. कधीच विझत नाहीत, कंपनीला परत पाठवायचं आहे. मी त्याचे हात धरले. मला हेच हवं! अंगुळांनी मोजलं. रुंदी एकतीस. पाठीमागे हवेला जागा सोडूनही भिंतीत बसतं. तो माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की जणू मी गाभण म्हैस सोडून भाकड पसंत केली.

"नया बटन लगवा दें, दो मिनट का काम है."

"खबरदार," मी म्हटलं.

इंदूला खूप आनंद झाला. तिने वरच्या फळीवरून मोठी बॅग खाली काढून पुसलीसुद्धा.

१ एप्रिल, शनिवार. गुढीपाडवा

गुढी उभारली आणि वीज गेली. पाच तास आली नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वीज गेली की कपाटातला दिवा जाणार, म्हणजे आत रात्र होणार. परत आली की दिवस. आपल्या गल्लीत वीज दिवसातून चार वेळा जाते. म्हणजे एका दिवसात चार रात्री, आणि वीस दिवसांत अन्न ऐंशी रात्रींचं शिळं!

कपाटात तुपाचा नंदादीप ठेवावा असा विचार करून प्रयोग केला. लोणच्याच्या मोठ्या बरणीत निरांजन ठेवून झाकण लावलं. अर्ध्या मिनिटात विझलं. तीनदा केलं, तीनदा विझलं. बरणीला आतून काजळी धरली, ती इंदूने दुपारभर घासली.

जायसवालला निरोप पाठवला, थांबा.

५ एप्रिल, बुधवार

मधुराचं आणखी एक पत्र. पाय सुजले आहेत. शेजारच्या बाई डबा देतात, पण त्याही उन्हाळ्यात गावी जाणार आहेत.

घरभर कापडांचा पसारा आहे. इंदूने आपली जुनी मऊ लुगडी फाडून त्यांची दुपटी शिवायला घेतली आहेत. आजवर अकरा झाली. मी विचारलं, इतकी कशाला? ती म्हणाली, "आज कोणता दोष निघाला?" मी सांगितलं की आज दोष निघालेला नाही, मी वीजमंडळाच्या अनियमिततेवर विचार करतो आहे. तिने दात लावून दोरा तोडला.

इथे खरं लिहायला हरकत नाही. चारांपैकी कुठलंही कपाट घेतलं असतं तरी चाललं असतं. शिवरामने तर दिव्याचा वाद मिटवून टाकला होता. वीज जाण्यात आपला हेतू नसतो, आणि हेतू नसता घडलेल्या रात्रीला दोष नाही, असं त्याने ग्रंथांच्या आधारे सिद्ध केलं. मग मी घेत का नाही? काल हा प्रश्न मनात आला आणि छातीत कसंतरी झालं. बहुधा वांग्याने पित्त झालं असावं. इंदूला सांगितलं, तिने आमसुलाचं सार केलं. तिच्या हातच्या साराने लगेच आराम पडतो.

११ एप्रिल, मंगळवार

निर्णय झाला. न विझणाऱ्या दिव्याचंच कपाट घ्यायचं. फक्त मुहूर्त राहिला. भिंतीत बसवायचं म्हणजे ते घराचा भाग होणार, म्हणजे हा गृहप्रवेशच की. चैत्रात गृहप्रवेश वर्ज्य. वैशाखातले दिवस एकेक करून तपासले. कुठे नक्षत्र नाही, कुठे वार नाही, कुठे माझी रास आड येते. सरतेशेवटी एकच निर्दोष दिवस निघाला, वैशाख वद्य दशमी. इंग्रजी २४ मे.

इंदू ताक घुसळत होती. रवी थांबली.

"मधुराची तारीख पहिल्या आठवड्यातली आहे," ती म्हणाली.

"मुहूर्त मी करत नाही. ग्रह करतात."

"ग्रहांना नातवंडं नसतात."

असं उलट बोलणं तिच्या स्वभावात नाही. रात्री जेवायला बसलो. ताटात सगळं होतं, पण वाढताना आग्रह नव्हता.

१२ एप्रिल, बुधवार

सकाळी तिचा राग निवळलेला दिसला. आपणहून म्हणाली, "जायसवालला चिठ्ठी लिहून द्या. मी गोदौलियाला चालले आहे, तशीच पुढे जाऊन देते." मी लिहिलं, कपाट वैशाख वद्य दशमीस सकाळी दहाच्या आत घरी पोचतं करावं. शुभकार्यात मी इंग्रजी तारीख घालत नाही. ती म्हणाली, "तुमचं अक्षर त्याला लागायचं नाही. मी हिंदीत उतरवून देते." तिथेच बसून तिने स्वच्छ अक्षरात उतरवलं.

कष्टाळू बाई आहे. दुपारच्या उन्हातून परत आली तरी चेहरा हसरा होता.

२४ एप्रिल, सोमवार

काय लिहू! सकाळी नऊला दारात हाका. चार माणसं, बांबू, दोर आणि पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं कपाट. आमच्या गल्लीच्या वळणातून हातगाडी वळत नाही म्हणून जायसवालने ते दशाश्वमेधावरून नावेत घालून रामघाटाला आणलं होतं.

मी ओरडलो, "आज कसं? आज चैत्र वद्य दशमी आहे!"

त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला, "आज बैसाख बदी दसमी है गुरुजी. पंचांग देख लीजिए." आणि चिठ्ठी दाखवली. चिठ्ठीत लिहिलं होतं, वैशाख कृष्ण दशमी.

मी मटकन उंबऱ्यावर बसलो. आपला महिना अमावास्येला संपतो, इकडच्या लोकांचा पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोघांच्या महिन्याचं नाव एकच असतं. पण पौर्णिमा उलटली की त्यांचा पुढचा महिना लागतो आणि आपला जुनाच चालू राहतो. म्हणून आपलं चैत्र वद्य ते त्यांचं वैशाख कृष्ण. हे मी आयुष्यभर यात्रेकरूंना बजावत आलो, आणि स्वतःच्या चिठ्ठीत विसरलो! महिनाभर आधी कपाट दारात, तेही चैत्रात.

परत न्या म्हटलं, तर म्होरक्याने नाव निघून गेली म्हणून सांगितलं. इंदूने तर कधीच बरण्या काढून भिंत रिकामी करून झाडून ठेवली होती. कुणाला गूळपाणी, कुणाला गमछा. चौघांनी कपाट भिंतीत सरकवलं. दोन्ही बाजूंना दीड-दीड बोट उरलं. माझी मापं चुकलेली नव्हती हे एक समाधान.

म्होरक्याने बजावलं, उद्यापर्यंत चालू करू नका, येताना आडवं झालं आहे. त्यावरून निराळाच घोळ झाला. रामघाटाच्या पायऱ्यांवर कपाट जवळजवळ आडवं धरावं लागलं. चार खांदे, बांबू, वर पांढरी चादर. लोक बाजूला होऊन हात जोडू लागले. एका म्हाताऱ्याने विचारलं, कुणाकडून? हमालांनी सांगितलं, जायसवालजींच्या इथून. संध्याकाळी शिवराम सांगत आला की लहुराबीरला दुकानासमोर पन्नास माणसं सांत्वनाला जमली आहेत आणि जायसवाल प्रत्येकाला स्वतः पाणी देतो आहे.

जाताना शिवराम दारात रेंगाळला. "वहिनी दुर्गाघाटच्या ना? त्यांना कसं नाही कळलं रे, बदी आणि वद्य?"

मी म्हटलं, घाईत होती बिचारी, तिला दोष देऊ नकोस. तो "छे छे" म्हणाला आणि उगाच हसत पायऱ्या उतरून गेला.

२७ एप्रिल, गुरुवार

तीन दिवस घरात लग्नघर असल्यासारखा स्वयंपाक चालला आहे. इंदू पहाटे सोवळं नेसते ती दुपारीच सोडते. वरण, आमटी, भात, पोळ्या, उकडलेल्या डाळीचे गोळे. चव्वेचाळीस डबे. प्रत्येकावर कागद चिकटवून तिथी लिहिली आहे, आपल्या महिन्याप्रमाणे. एकादशीचे डबे वेगळे. मला गॅस पेटवायला शिकवलं. पहिल्या दोन काड्या बोटावर आल्या.

दिवा मात्र अखंड जळतो. वरच्या दाराच्या फटीतून आणि खालच्याही, उजेडाची बारीक रेघ दिसते.

२८ एप्रिल, शुक्रवार

ग्वाल्हेरच्या गाडीत इंदूला बसवून दिलं. दुपट्यांची बॅग तिने मांडीवरून खाली ठेवली नाही. खिडकीतून तिने तीन वेळा सांगितलं, गॅस खालून बंद करा. चौथ्यांदा सांगेपर्यंत गाडी हलली. ती बावीस वर्षांत प्रथमच गाडीत बसते आहे हे तिच्याकडे बघून वाटलं नाही. लहान मुलीसारखी बाहेर बघत होती. मी हात हलवत होतो तो तिला दिसला की नाही, कोण जाणे.

३० एप्रिल, रविवार

डबे उत्तम आहेत. आमटी गरम केली की घरात तोच वास येतो. फक्त वाढणारं कुणी नाही, त्यामुळे किती वाढून घ्यावं ते कळत नाही. काल चार पोळ्या घेतल्या, दोन उरल्या.

जपाला मी आता देवघराऐवजी स्वयंपाकघरात बसतो. कपाट मध्येच घुर्र करतं, मग थांबतं, मग पुन्हा करतं. त्या आवाजाने बरं वाटतं. ते थांबलं की घर फार मोठं होतं. काल मी त्याला "हं" असं उत्तर दिलं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

पित्ताचा त्रास पुन्हा सुरू झाला आहे. वांगं तर खाल्लेलं नाही. विचार करता करता असं दिसतं की हे पित्त नव्हे. इंदू नाही म्हणून मला भीती वाटते. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे लिहायला लाज वाटते, पण दैनंदिनीत खोटं लिहू नये. आणि ही भीती काल-परवाची नव्हे. जायसवालच्या दुकानात पहिल्यांदा गेलो त्या दिवशीसुद्धा ती होतीच.

४ मे, गुरुवार

दुपारी गल्लीच्या तोंडाशी मोठा आवाज झाला आणि ट्रान्सफॉर्मर जळाला. दिवा विझला. दोन तास वाट पाहिली, मग फटीला डोळा लावला. आत रात्र.

५ मे, शुक्रवार

वीज नाही. कपाटाखाली पाण्याचं तळं झालं आहे. वीजवाले म्हणतात, चार-पाच दिवस लागतील. शिवराम म्हणाला, हेतू नसलेली रात्र आहे, खा. मी एक डबा उघडला. आमटीने हेतूचा विचार केलेला नव्हता. वासाने मागे सरलो.

तीस डबे उरले होते. सगळं अन्न टोपल्यांत भरून घाटावर गायींना घातलं. डबे घासायला दोन तास लागले. इंदू हे रोज कसं करते?

दुपारी दही-पोहे. शिजवलेले नाहीत, त्यामुळे नियमात बसतात.

६ मे, शनिवार

सकाळी दही-पोहे. दुपारी भात लावला, खालून काळा आणि वरून तांदूळ. गॅस खालून बंद केला. रात्री दही-पोहे. शिवरामच्या सौभाग्यवतीने झाकलेलं ताट पाठवलं होतं, ते नियमाप्रमाणे परत पाठवलं.

इंदूला कळवावं का? कळलं तर ती मिळेल त्या गाडीने येईल. दोन वेळा शिवरामकडे फोन करायला निघालो आणि गल्लीच्या टोकावरून परतलो. मनातून मला ती यायला हवी आहे, हेही लिहून ठेवतो.

७ मे, रविवार

शिवराम धावत आला, ग्वाल्हेरहून फोन आहे. त्याच्या घरी पोचेपर्यंत धाप लागली.

मुलगी झाली! परवा पहाटे. ऑपरेशन करावं लागलं. इंदू सगळं एका दमात सांगत होती. जावई ड्यूटीवर गेलेले, शेजारीण गावी गेलेली, मधुराला अचानक रक्तस्राव सुरू झाला. इंदूने एकटीने रस्त्यात उभं राहून टेम्पो थांबवला आणि तिला दवाखान्यात नेलं. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर दोघी गेल्या असत्या," ती म्हणाली. मागे बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

मी २४ मेचा निर्दोष मुहूर्त काढला होता. चिठ्ठीतली चूक झाली नसती तर परवा पहाटे इंदू या घरात झोपलेली असती. शिवरामने मागून पाट सरकवला, त्यावर बसलो.

इंदूने नाक ओढल्याचं ऐकू आलं आणि मग तिचा नेहमीचा आवाज आला. "तुमच्या खाण्याचं कसं आहे? डबे पुरतायत का? बारसं झालं की मी निघते. मधुराला अजून उठवत नाही, पण तिचं काहीतरी बघू. तुमचे हाल नकोत."

"हाल कसले?" मी म्हटलं. "कपाट उत्तम चाललं आहे. दिवा क्षणभरही विझलेला नाही. काल तर मी एक डबा जास्तच खाल्ला."

"खरंच?"

"तू चांगली दोन महिने राहा. तिला उठून हिंडूफिरू दे. इथे काही घाई नाही."

मग म्हणाली, "आवाज बारीक झालाय तुमचा." मी म्हटलं, लाइनचा दोष आहे. फोन ठेवला.

मी बाहेर पडायला वळलो. शिवराम दारात आडवा उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. आजवर प्रत्येक गोष्टीवर मत देणाऱ्या या माणसाने नुसतं माझ्या हाताला धरून मला आत वळवलं. आत त्याच्या घरातून पानं घेतल्याचा आवाज आला. त्याच्या सौभाग्यवतीने न विचारता एक पान जास्त मांडलं होतं.

बावीस वर्षांनी मी दुसऱ्याच्या घरी जेवायला बसलो. आमटीत गूळ कमी होता, तरी दोनदा मागून घेतली. उद्यापासून दोन्ही वेळा तिथेच जायचं ठरलं आहे. शिवरामला शपथ घातली आहे की हे ग्वाल्हेरला कळता कामा नये, कळलं तर ती उद्याच्या गाडीत बसेल.